आर्किटेक्टची शाळा पदवीनंतर कुठे भरते?

1995 साली पदवी घेऊन बाहेर पडलेला आर्किटेक्ट आज पन्नाशी ओलांडून गेला आहे. स्वतःचं ऑफिस आहे, हाताखाली चार-पाच मुलं आहेत, महापालिकेत कुठली फाइल कुठल्या टेबलावर अडते हे त्याला तोंडपाठ आहे. मोठी कामं मिळतात तीही याच वयात. पण तो कॉलेजात होता तेव्हा ड्रॉइंग टी-स्क्वेअरने काढत. किल्लारीचा भूकंप शिकता शिकता होऊन गेला, भुजचा अजून व्हायचा होता. बाहेरच्या भिंतींतून घरात किती उष्णता शिरू द्यायची याचं मोजमाप घरांसाठी ठरलेलं नव्हतं. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा 2016 चा कायदा नव्हता. आणि जवळजवळ अख्ख्या महाराष्ट्राला एकच बांधकाम नियमावली लागू होईल असं तेव्हा कोणी म्हटलं असतं तर लोक हसले असते.

मग हे सगळं तो शिकला कुठे?

बहुतेकांचं उत्तर एकच असतं: कामातून. ते खरंही आहे. पण कामातून माणूस तेवढंच शिकतो जेवढं काम अडल्यावर शिकावं लागतं. मंजुरीत अडतं म्हणून नियमावली वाचली जाते. भिंतीतून येणारी उष्णता मंजुरीत अडत नसेल, तर ती शिकायची राहून जाते, आणि त्याची किंमत पश्चिमेकडच्या बेडरूममध्ये झोपणारा माणूस विजेच्या बिलातून भरत राहतो. पदवीनंतर पद्धतशीर शिकत राहण्याला जगभर ‘सीपीडी’ म्हणतात, म्हणजे सातत्यपूर्ण व्यावसायिक विकास. नाव जड आहे. मुद्दा साधा आहे: परवाना एकदा मिळतो, विद्या मात्र शिळी होते.

आपल्याकडे कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. वास्तुविशारदांचा कायदा 1972 चा. त्यानुसार ‘कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर’ ही वैधानिक संस्था देशभरच्या आर्किटेक्टांची नोंदवही ठेवते. त्या वहीत आज लाखाहून अधिक नावं आहेत. मान्यताप्राप्त पाच वर्षांची पदवी हाती आली की नाव नोंदवता येतं, मध्ये वेगळी परीक्षा नाही. पुढे नाव वहीत टिकवायचं तर कायद्याचं 27वं कलम नूतनीकरणाच्या शुल्काबद्दल बोलतं. मधल्या काळात तुम्ही काय नवीन शिकलात, हा प्रश्न त्या कलमात नाही.

शेजारच्या पेशाशी तुलना केली तर फरक लगेच दिसतो. महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे नोंदलेल्या डॉक्टरला दर पाच वर्षांनी नूतनीकरण करताना 30 क्रेडिट तासांचं शिक्षण दाखवावं लागतं. सनदी लेखापालांनाही ठरावीक तास भरावे लागतात. आर्किटेक्टच्या चुकीनेही माणसं मरतात, फक्त ती चूक उघडी पडायला वीस वर्षं लागू शकतात. आणखी एक गुंता आहे. सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2020 मध्ये स्पष्ट केलं की हा कायदा ‘आर्किटेक्ट’ या पदनामाला संरक्षण देतो, इमारतींची रचना करण्याच्या कामाला नाही. म्हणजे नोंदणी नसलेला माणूस स्वतःला आर्किटेक्ट म्हणवू शकत नाही, पण आराखडे करण्यापासून हा कायदा त्याला रोखत नाही. अशा वेळी नोंदणीकृत आर्किटेक्ट वेगळा ठरणार तो त्याच्या ज्ञानाच्या ताजेपणावर. आणि तो ताजेपणा तपासायची व्यवस्थाच अजून धड उभी नाही.

ब्रिटनमध्ये ही व्यवस्था जुनी आहे. तिथल्या ‘रीबा’ या आर्किटेक्टांच्या संस्थेने सभासदांसाठी वर्षाला 35 तासांचा नियम ठेवला, त्यातले किमान 20 तास दहा ठरलेल्या विषयांवर. अमेरिकेतल्या ‘एआयए’च्या सभासदाला वर्षाला 18 गुण मिळवावे लागतात, त्यांपैकी 12 आरोग्य, सुरक्षितता आणि लोकहित या विषयांतले. कागदावर उत्तम. पण 14 जून 2017 च्या रात्री लंडनमधल्या ग्रेनफेल टॉवर या 24 मजली इमारतीला आग लागली आणि 72 माणसं गेली. नूतनीकरणात बाहेरून लावलेल्या पत्र्याच्या पॅनेलमध्ये पॉलिइथिलीनचा गाभा होता, त्याने आग वरपर्यंत नेली. चौकशीच्या 2024 च्या अहवालात आर्किटेक्टांवरही ठपका आला: हे आवरण धोकादायक आहे हे त्यांच्या लक्षात यायला हवं होतं. तासांचा नियम होता, सेमिनार होत होते, तरी हे झालं.

त्यानंतर तिथे कायदा बदलला आणि आर्किटेक्टांची नोंदणी करणाऱ्या मंडळाला त्यांच्या शिक्षणावर लक्ष ठेवण्याचे अधिकार मिळाले. 2024 पासून मंडळाने जी योजना आणली तिची गंमत अशी की तिने तास मोजायचं सोडून दिलं. वर्षाला किमान आठ उपक्रम करा, इमारतीची सुरक्षितता आणि पर्यावरण हे दोन विषय टाळता येणार नाहीत, आणि शेवटी यातून तुमच्या कामात काय फरक पडला ते थोडक्यात लिहा. माझ्या मते तास मोजण्यापेक्षा हे शहाणपणाचं आहे. खुर्चीत बसल्याचे तास मोजता येतात, शिकल्याचे येत नाहीत.

आता आपल्याकडे प्रत्यक्षात काय चालतं? पदवीनंतरच्या शिक्षणाचा मोठा भाग माल विकणाऱ्यांच्या हातात आहे. हॉटेलचा हॉल, संध्याकाळी सहाची वेळ, खिडक्यांच्या किंवा वॉटरप्रूफिंगच्या कंपनीचं सादरीकरण, मग जेवण, निघताना कॅटलॉग आणि पेन असलेली पिशवी. यात वाईट काही नाही. नवीन काच काय करू शकते हे ती बनवणाऱ्याला सगळ्यात चांगलं माहीत असतं. फक्त एक गोष्ट तो कधी सांगणार नाही: या इमारतीला एवढ्या काचेची गरजच नव्हती, वरती अडीच फुटांचा छज्जा टाकला असता तरी भागलं असतं. हे सांगायला ज्याला काहीच विकायचं नाही असा कोणीतरी हवा. विद्यापीठाची जागा इथे आहे. त्यांच्याकडे प्रयोगशाळा आहे, एकाच प्रश्नावर पाच-सात वर्षं बसायची मुभा आहे, आणि परीक्षा घेऊन नापास करायचा अधिकार आहे. हा तिसरा अधिकार सहसा कोणी मोजत नाही, पण मला तोच सगळ्यात मोलाचा वाटतो.

विद्यापीठ काय करू शकतं याचं आपल्याच देशातलं एक नमुनेदार उदाहरण अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाचं. एसी ऑफिसात माणसाला किती तापमान सुखाचं वाटतं, याची मापं आपण वर्षानुवर्षं परदेशी मानकांतून उचलत आलो. सेप्टच्या संशोधकांनी सहकाऱ्यांसोबत हा प्रश्न इथल्या माणसांनाच विचारायचं ठरवलं. पाच वेगवेगळ्या हवामानांची पाच शहरं, 16 ऑफिस इमारती, तीन ऋतू, आणि काम करणाऱ्यांकडून मिळालेली 6330 उत्तरं. आत्ता गरम होतंय का, वारा हवाय का, कपडे कोणते घातलेत, शेजारी मोजयंत्र. निष्कर्ष असा आला की नैसर्गिक वारा खेळणाऱ्या ऑफिसांत लोकांना सुखाचं वाटणारं तापमान बाहेरच्या हवामानाबरोबर सरकतं. बाहेरची सरासरी 12.5 अंश असेल तिथे 19.6, आणि 31 अंश असेल तिथे 28.5 अंशांपर्यंत. 28.5 अंशांवर माणसं ऑफिसात सुखाने काम करू शकतात हे मान्य केलं की एसीचा आकार, खिडकीची जागा, छताची उंची, सगळ्याचं गणित बदलतं. हे प्रारूप 2016 च्या राष्ट्रीय इमारत संहितेत गेलं.

म्हणजे ज्ञान विद्यापीठात तयार झालं आणि नियमाच्या पुस्तकात पोचलं. पण त्या पुस्तकातून नाशिकच्या किंवा लातूरच्या ऑफिसात, ड्रॉइंग करणाऱ्या माणसाच्या हातात ते कोण पोचवणार? सीपीडीचा सगळा प्रश्न या शेवटच्या टप्प्याचा आहे.

भूकंपाच्या बाबतीत हा टप्पा एकदा बऱ्यापैकी पार पडला होता. 26 जानेवारी 2001 ला भुजला भूकंप झाला तेव्हा दोनशेहून अधिक किलोमीटर लांबच्या अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या. त्यातल्या अनेकांचा तळमजला पार्किंगसाठी मोकळा होता, म्हणजे आपल्याकडे घरोघरी असतो तो स्टिल्ट. वरच्या मजल्यांवर विटांच्या भिंती असल्यामुळे तो सगळा भाग एक ताठ ठोकळा होऊन हलतो. खाली नुसते कॉलम. हलण्याचा सगळा ताण त्या कॉलमांवर येतो आणि ते वरच्या टोकाशी नाहीतर पायाशी मोडतात. 2002 मध्ये भूकंपाचं भारतीय मानक सुधारलं तेव्हा अशा मोकळ्या मजल्याचे कॉलम अडीच पट बलासाठी डिझाइन करण्याची तरतूद आली. 1995 च्या पदवीधराने हे वर्गात ऐकलेलं असणं शक्य नव्हतं.

त्या काळात कानपूरच्या आयआयटीतल्या भूकंप अभियांत्रिकीच्या माहिती केंद्राने एक साधी गोष्ट केली. बीएमटीपीसी या केंद्र सरकारच्या संस्थेबरोबर त्यांनी ‘अर्थक्वेक टिप्स’ काढल्या. एकेक टिप दोन पानांची, एका टिपेत एकच मुद्दा, भरपूर आकृत्या, आणि मिळायच्या फुकट. स्टिल्ट का पडतो, जिना तिरक्या आधारासारखा कसा वागतो, इमारतीचा आकार ‘एल’ असेल तर कोपऱ्यात काय होतं. लिहिणारे प्राध्यापक होते, पण शोधनिबंधाची भाषा त्यांनी बाजूला ठेवली. ना प्रमाणपत्र, ना तास, ना जेवण. तरी कितीतरी आर्किटेक्टांनी आरसीसी कन्सल्टंटशी, म्हणजे इमारतीचा सांगाडा डिझाइन करणाऱ्या इंजिनिअरशी, नीट बोलायला शिकलं ते या पानांवरून. विद्यापीठाने पदवीनंतर काय करावं याचं मला सुचणारं सगळ्यात स्वस्त उत्तर हेच आहे.

मग सगळी विद्यापीठं असं का करत नाहीत? कारणं फार कंटाळवाणी आहेत, आणि म्हणूनच ती टिकून आहेत. महाराष्ट्रातली बरीच आर्किटेक्चर कॉलेजं कुठल्या ना कुठल्या विद्यापीठाशी संलग्न आहेत. अभ्यासक्रम अभ्यास मंडळ ठरवणार, प्रवेश सीईटी सेलमार्फत होणार, शुल्कावर शुल्क नियामक प्राधिकरणाची नजर. ही सगळी यंत्रणा अठरा वर्षांच्या मुलाला डोळ्यांसमोर ठेवून बांधलेली. पंचेचाळीस वर्षांचा आर्किटेक्ट सहा शनिवार येऊन बसणार असेल तर त्याला कुठल्या रकान्यात टाकायचं हे कोणालाच माहीत नसतं. शिकवणाऱ्याच्या कार्यभारात ते सहा शनिवार धरले जात नाहीत, बढतीतही नाहीत. आधीच स्टुडिओचे तास आणि तपासणीची कागदपत्रं यांत बुडालेला प्राध्यापक मग कशाला दमणार?

दुसऱ्या बाजूला आर्किटेक्टही काही रांग लावून उभे नाहीत. बहुतेक ऑफिसं लहान. मुख्य माणूस तीन दिवस बाहेर गेला की साइटवर स्लॅब अडतो. तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करणाऱ्याला पुण्या-मुंबईला येऊन राहण्याचा खर्च वेगळाच. करोनाच्या काळात वेबिनारांचा पूर आला तेव्हा वाटलं की हा प्रश्न सुटला. कॅमेरा बंद ठेवून, एका कानाने ऐकत, दुसऱ्या खिडकीत ड्रॉइंग चालू ठेवून लोकांनी ढीगभर प्रमाणपत्रं जमवली. ते शिक्षण होतं असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

कौन्सिलचं स्वतःचं प्रशिक्षण आणि संशोधन केंद्र पुण्यात आहे. तिथे चांगले कार्यक्रम होतात, पण त्यांचा मोठा भर कॉलेजातल्या शिक्षकांवर आहे. प्रॅक्टिस करणाऱ्यांसाठी आर्किटेक्टांच्या संघटना व्याख्यानं भरवतात. त्यातली सगळ्यात जुनी ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स’ जन्मली कशी हे आठवण्यासारखं आहे. 1917 मध्ये मुंबईच्या जे. जे. मधून शिकून बाहेर पडलेल्या तरुणांनी माजी विद्यार्थ्यांची मंडळी जमवली, गेटवे ऑफ इंडियाचे वास्तुकार जॉर्ज विटेट पहिले अध्यक्ष झाले. 1929 मध्ये तिला आजचं नाव मिळालं. म्हणजे या देशातली व्यवसायाची संघटना मुळात कॉलेजच्या फाटकाबाहेरच उभी राहिली होती. पुढे कॉलेज एकीकडे आणि संघटना दुसरीकडे अशी फारकत झाली, ती आजतागायत.

चांगला अभ्यासक्रम कसा असावा? एकच विषय घेऊन पाहू. डिसेंबर 2020 पासून मुंबई महापालिका आणि काही मोजके भाग सोडून राज्यभर एकत्रित विकास नियंत्रण नियमावली, म्हणजे सगळे म्हणतात ती यूडीसीपीआर, लागू झाली. पूर्वी अनेक शहरांत बाल्कनी, जिना, लिफ्ट यांची जागा ठरावीक मर्यादेत किंवा प्रीमियम, म्हणजे जादा शुल्क, भरून एफएसआयच्या, म्हणजे प्लॉटच्या मानाने किती बांधकाम करता येतं त्या प्रमाणाच्या, बाहेर ठेवता येई. नव्या नियमावलीत ‘पी-लाइन’ आली. इमारतीच्या बाह्यरेषेच्या आत जे येतं ते सगळं, बाल्कनीसकट, मोजायचं, आणि त्याच्या बदल्यात प्रीमियम भरून जास्तीचा पूरक एफएसआय घ्यायचा, घरांसाठी 60 टक्क्यांपर्यंत. समजा 500 चौरस मीटरचा प्लॉट आहे आणि मूळ एफएसआय 1.1. टीडीआर (दुसऱ्या जागेवरून विकत घेतलेले बांधकामाचे हक्क) आणि इतर प्रीमियम बाजूला ठेवले तर मूळ क्षेत्र 550 चौरस मीटर, त्यावर 60 टक्के म्हणजे 330, एकूण 880.

हे गणित दहा मिनिटांत कळतं आणि बहुतेक सेमिनार इथेच संपतात. खरा प्रश्न पुढचा आहे. बाल्कनी आता ‘फुकट’ राहिली नाही, तर बिल्डर ती काढायला सांगणार का? काढली तर दक्षिणेकडच्या खोलीवरची सावली जाणार. घरांसाठीच्या ‘इको निवास संहिता’ या 2018 च्या ऊर्जा संहितेत बाहेरच्या कवचातून आत येणाऱ्या उष्णतेची मर्यादा दर चौरस मीटरला 15 वॅट आहे, थंड हवामानाचे प्रदेश सोडून. सावली गेली की तो आकडा चढतो, तो खाली आणायला महाग काच घ्यावी लागते, आणि बाल्कनी काढून वाचवलेला पैसा खिडकीत जातो. एफएसआयची माहिती देणारा एक, ऊर्जेवर बोलणारा दुसरा, काच विकणारा तिसरा. या तिघांना एका ड्रॉइंगवर आणून बसवायचं काम स्टुडिओत होतं, आणि स्टुडिओ चालवणं ही आर्किटेक्चर कॉलेजची मूळ विद्या आहे.

म्हणून मी तर म्हणेन, व्याख्यानं बंद करा. आर्किटेक्टने स्वतःच्या ऑफिसात सध्या चालू असलेलं एक खरं काम घेऊन यावं. पहिल्या बैठकीत त्याचा कवचातून येणारा उष्णतेचा आकडा काढावा, व्हीलचेअर रस्त्यावरून लिफ्टपर्यंत कुठे अडते ते प्लॅनवर पेन्सिलने दाखवावं, स्टिल्टच्या कॉलमांबद्दल स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारायचे प्रश्न लिहावेत. सहा आठवड्यांनी सुधारलेलं ड्रॉइंग चारचौघांसमोर मांडावं, आणि बाहेरच्या परीक्षकाने ते पास किंवा नापास करावं. ब्रिटनमध्ये नोंदणीआधीची शेवटची पायरी, ‘पार्ट थ्री’, अनेक ठिकाणी विद्यापीठंच चालवतात. उमेदवार ऑफिसात नोकरी करत असतो, अनुभवाची नोंदवही ठेवतो, खऱ्या कामावर लिहितो आणि परीक्षेला बसतो. पद्धत नवी शोधायची गरज नाही.

कागदोपत्री सोय हळूहळू होते आहे. शैक्षणिक क्रेडिट बँक 2021 पासून आहे, त्यात छोट्या अभ्यासक्रमांची क्रेडिट साठवता येतात. आयआयटींचे एनपीटीईएल या ऑनलाइन मंचावरचे अभ्यासक्रम घरबसल्या फुकट पाहता येतात, प्रमाणपत्र हवं तर केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते. सहा शनिवारांचा रकाना आता निदान सापडू शकतो.

उलट दिशेची वाटही हवी. विद्यापीठाला इमारती कागदावर माहीत असतात, पाच पावसाळे खाल्लेल्या नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ ही सोय काढली, त्यात पीएच.डी. नसली तरी किमान पंधरा वर्षांचा अनुभव असलेला माणूस शिकवू शकतो. त्याहून स्वस्त उपाय म्हणजे विद्यार्थ्यांना तापमान-आर्द्रता नोंदवणारी छोटी यंत्रं देऊन राहत्या इमारतींत पाठवणं. गळती कुठे, कुठली खोली मे महिन्यात वापरातच नसते, बाल्कन्या किती जणांनी बंद करून घेतल्या. ही माहिती ज्याने इमारत केली त्याला परत दिली तर ते त्याचं सगळ्यात उपयोगी शिक्षण ठरेल, थोडं झोंबणारं असलं तरी.

उद्यापासून सक्ती करा, असं म्हणणारे बरेच आहेत. मला घाई नको वाटते. शिकायची चांगली जागा तयार नसताना सक्ती आली तर हॉटेलातल्या हॉलची भाडी वाढतील, बाकी काही होणार नाही. आधी दहा-बारा कॉलेजांनी, मुंबई-पुण्याबाहेरचीही धरून, परीक्षा असलेले अभ्यासक्रम चालवून दाखवावेत. मग कौन्सिलने नूतनीकरणाशी ते जोडावेत.

तोवर, तुमची सोसायटी पुनर्विकासाला निघाली असेल आणि आर्किटेक्ट नेमायचा असेल, तर कौन्सिलचा नोंदणी क्रमांक आणि जुन्या कामांचे फोटो मागाच, पण सोबत तीन प्रश्न विचारा. आमच्या इमारतीचा कवचातून येणारा उष्णतेचा आकडा तुम्ही काढणार का? स्टिल्टचे कॉलम कुठल्या मानकाप्रमाणे डिझाइन होणार? व्हीलचेअरवरच्या आजी रस्त्यापासून घराच्या दारापर्यंत कोणाच्या मदतीशिवाय पोचतील का? उत्तर तिथल्या तिथे आलं तर छान. ‘बघून सांगतो’ म्हणून दोन दिवसांनी आकडे घेऊन आला तर त्याहून छान.